न घसरलेला क्लच

१

टेबलावर ठेवलेला सर्व्हो मुठीएवढा होता. धुऊन पुसूनही त्याला खाडीच्या चिखलाचा वास येत होता.

चौकशी अधिकारी बाईंनी त्याचा क्लच पुन्हा एकदा मापाला लावला. पाना फिरवला, काटा पाहिला आणि पाना खाली ठेवला. काटा जिथे थांबायला हवा होता तिथून बराच पुढे गेला होता, तरी क्लच जागचा हलला नव्हता.

"म्हणजे काय झालं, बाई?" दाराशी उभ्या असलेल्या फौजदारांनी विचारलं.

"ऑटोपायलट विमान आपोआप सरळ ठेवतो ना, त्याचा हात म्हणजे हा सर्व्हो. ही मोटर शेपटाच्या पात्याची केबल ओढते आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. पण यंत्राचं डोकं फिरलं तर माणसाला ते आवरता आलं पाहिजे. म्हणून मध्ये क्लच असतो. पायलटनं जोर लावला की तो घसरतो आणि यंत्राची पकड सुटते. हा घसरलाच नसता. कुणीतरी आवळून ठेवलाय."

"आपोआप आवळला गेला असेल."

"आपोआप सैल होतं सगळं. आवळायला माणूस लागतो."

विमान छोटं होतं, दोन इंजिनांचं, समोरच्या बेटांवर औषधं पोचवणारं. हवा स्वच्छ होती, सकाळ होती, दोन्ही इंजिनं चालू होती. आणि तरीही धावपट्टी नजरेच्या टप्प्यात असताना ते नाक खाली करून खाडीत शिरलं. आत एकटे कॅप्टन होते. ते जागीच गेले. अवशेषांतून एवढं कळलं होतं की ऑटोपायलट शेवटपर्यंत चालू होता आणि शेपटाचा ट्रिम, म्हणजे नाकाचा तोल सांभाळणारं छोटं पातं, नाक खाली दाबण्याच्या टोकाला जाऊन अडकलं होतं.

क्लचचा नट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार नवी होती. केसासारखी बारीक. बाईंनी ती चिमट्यानं सोडवून कागदाच्या पुडीत ठेवली.

"फार खोलात जायची गरज नाही आता," फौजदार म्हणाले. "सर्व्हो बसवणारा मिस्त्री बाहेर बसलाय. त्यानं कबुली लिहून दिली आहे."

२

मिस्त्रींना हँगरमधले सगळे नाना म्हणत. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तुरुंगात जायचं तर नीटनेटकं जावं, अशा बेतानं आलेले.

"आकडा मी चुकीचा वाचला, बाई," ते म्हणाले. "मोतीबिंदू होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. सर्व्हो लावायच्या आधी क्लच मीच मापला. मला वाटलं बरोबर आहे. दिसत होतं कुठे मला?"

"सर्व्हो बदलायची वेळ का आली?"

"नाक डुलायचं. ऑटोपायलट लावला की समुद्रावरच्या होडीसारखं वर-खाली. कॅप्टन म्हणायचे, नाना, घोडं मान हलवतंय. मी आधी केबल ताणली. मग केबल बदलली. मग ऑटोपायलटचा डबा बदलला, दुसऱ्या विमानातला आणून लावला. डुलणं तसंच. शेवटी सर्व्होच नवा बसवला."

"त्यानं थांबलं?"

"कसलं थांबतंय. दोन-चार खेपा झाल्या आणि कॅप्टन परत तेच म्हणाले. डोळ्यात तेल घालून शोधलं म्हणावं, तर डोळ्यातच दोष. मग मी ऑपरेशनला गेलो. घरी पट्टी बांधून पडलो होतो तेव्हा बातमी आली." त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते. "माझी सही झालीये. आता मला मोकळं करा. डोळे मिटले की तोच काटा दिसतो, आणि तो कुठे थांबला होता ते काही केल्या आठवत नाही."

बाईंनी कबुलीचा कागद उचलला, वाचला आणि परत त्यांच्यासमोर ठेवला.

"नाना, ही मला घेता येणार नाही. यातलं एक वाक्य बसत नाहीये."

"कुठलं?"

"ते दुसऱ्या कुणाकडून पडताळून मगच सांगेन."

३

विमान कंपनीच्या मालकीणबाईंच्या टेबलावरचा फोन सारखा वाजत होता आणि त्या तो उचलत नव्हत्या. बेटांवरचे दवाखाने होते ते. औषधं कधी येणार, एवढंच विचारायचे, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"मी खेपा रद्द करू देत नव्हते, हे सगळे तुम्हाला सांगतील," त्या म्हणाल्या. "खरं आहे. पण नाक डुलतं म्हणून कुणी मरत नाही, असं कॅप्टन स्वतः म्हणायचे. आणि शेवटी तर तक्रारही उरली नव्हती."

बाईंनी मान वर केली. "उरली नव्हती म्हणजे?"

"थांबलं ना ते. कॅप्टन इथे, या दारात येऊन म्हणाले, घोडं शांत झालं बरं का. बऱ्याच महिन्यांनी हसताना पाहिलं त्यांना."

"हे कधीचं? नाना ऑपरेशनला जायच्या आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं. नाना रजेवर, दुरुस्ती कुणी केली नाही, आणि दुखणं आपोआप बरं. मी म्हटलं, देव पावला."

नानांच्या कबुलीतली अडचण हीच होती. नानांनी बसवलेल्या सर्व्होवरही नाक डुलत होतं. नाना गेल्यावर ते थांबलं. मधल्या काळात कुणीतरी त्या सर्व्होला हात लावला होता, आणि तो हात नानांचा नव्हता.

"नाना रजेवर असताना हँगर कोण उघडायचं?"

मालकीणबाई घुटमळल्या. "रविवारी बंद असतं. पण त्या रविवारी किल्ली आमच्या लंबूनं नेली होती. धाकटा पायलट. कॅप्टनच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता, आणि त्याच आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सगळ्या हँगरनं ऐकलंय."

४

लंबू खरोखरच लंबू होता. खुर्चीत बसला तरी गुडघे टेबलाला लागत. कॅप्टनच्या मृत्यूनंतर त्याला उडायला बंदी होती आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"किल्ली मी नेली. जाकीट राहिलं होतं आत. ते घेतलं आणि किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून गेलो. नेहमी तसंच करतात सगळे. माझ्यानंतर कोण आलं ते मला कसं माहीत असणार?"

"भांडण कशावरून?"

"ते मला बरोबर नेत नव्हते. मी सहवैमानिक, माझं काम त्यांच्या शेजारी बसायचं. पण हिवाळा लागल्यापासून एकटेच जायचे. म्हणायचे, तुझ्या वजनाऐवजी दोन खोकी जास्त नेतो. मी म्हटलं, मला शिकवायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा. ते काही बोलले नाहीत. त्याचाच राग आला."

"त्याआधी बरोबर जायचास तेव्हा नाक डुलताना पाहिलंस?"

"त्यांच्या हातात असताना पाहिलं. माझ्या हातात कधीच नाही. तेच विमान, तोच ऑटोपायलट. मी सुरू करायचो, हात मांडीवर ठेवायचो आणि विमान रेषेवर जायचं. त्यांना योकवरून, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवरून, हात काढायची सवयच नव्हती. जुनी माणसं, स्टिअरिंग सोडवत नाही." तो कसंनुसं हसला. "मी एकदा गमतीनं म्हणालो, कॅप्टन, विमान तुम्हाला बघूनच थरथरतं की काय. चेहरा पडला त्यांचा. त्यानंतर मला बरोबर नेलंच नाही."

लंबू गेला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर गवतावर विमानाचं शेपूट ताडपत्रीखाली पडलं होतं. केबल बदलली, डबा बदलला, सर्व्हो बदलला. जे जे बदलता येईल ते नानांनी बदलून पाहिलं होतं, आणि दोष गेला नव्हता. एकच गोष्ट तेवढी बदलली नव्हती. ती खुर्चीत बसत होती.

बाईंनी पिशवी उचलली आणि कॅप्टनच्या घराचा पत्ता मागितला.

५

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. कॅप्टनच्या बायकोनं दार उघडलं. त्या कॅप्टनचे कपडे आवरायला बसल्या होत्या. पलंगावर पांढऱ्या शर्टांची थप्पी होती. आवरणं मात्र होत नव्हतं, कारण घडी घातलेला प्रत्येक शर्ट त्या पुन्हा उलगडत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

"नको, वहिनी." बाईंनी वरचा शर्ट हातात घेतला. बटणं जागच्या जागी होती, पण ती नुसती शोभेची. खाली काजं शिवून बंद केली होती आणि आत दाबून लागणारी टिचबटणं लावली होती. "हे कशासाठी?"

खालच्या रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"डावा हात," वहिनी म्हणाल्या. "आधी नुसता थरथरायचा. मग आखडायला लागला. काही धरलं की धरूनच बसायचा. एकदा जिन्याचा कठडा धरला तर बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. कप मी अर्धाच भरायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, डॉक्टर कागदावर लिहील, आणि लिहिलं की लायसन गेलं. विमान गेल्यावर हा माणूस घरात काय करणार होता, बाई? मी तरी कुठे नेटानं म्हटलं? मलाही भीती वाटत होती."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. सगळ्यांपासून हात लपवून ठेवायचे. नानांना सुद्धा नाही."

"हे शिवणकाम फार सुबक आहे. तुमचं?"

"छे, मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. लेकीनं केलं. तिचे हात फार बारीक कामाचे. कंपनीतच आहे ना ती, विमानातली घड्याळं-काटे दुरुस्त करते." वहिनींनी शर्ट परत घेतला आणि मांडीवर पसरला. "त्या हातामुळे झालं का हो?"

"एकट्या हातामुळे नाही," बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

६

उपकरणांची खोली हँगरच्या कोपऱ्यात होती. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर दिवा, आणि दिव्याखाली कॅप्टनची लेक एका उंचीमापकाची काच बसवत होती. शेजारी केसासारख्या बारीक तारेचं रीळ होतं.

बाईंनी खिशातली पुडी काढली, उघडली आणि रिळाशेजारी ठेवली. लेकीनं तारेकडे पाहिलं. हातातलं काम तिनं थांबवलं नाही.

"हँगरमध्ये जाड तार वापरतात," बाई म्हणाल्या. "ही फक्त तुझ्या टेबलावर असते. पण तार कुणीही नेली असती, म्हणून मी त्यावर थांबले नाही. मी विचार केला तो वेगळाच. नाक डुलतंय म्हटल्यावर कुठलाही माणूस केबल बघेल, मोटर बघेल. नानांनी तेच केलं. क्लच आवळावा असं कुणालाही सुचणार नाही, कारण त्याचा डुलण्याशी संबंधच नाही. संबंध कधी लागतो? नाक यंत्र हलवत नाही, योकवरचा हात हलवतोय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच. क्लच आवळला की थरथरणाऱ्या हाताला केबल हलवताच येत नाही. हात थरथरतो, नाक शांत राहतं. लंबूला हाताचं माहीत नव्हतं. नानांना नव्हतं, मालकीणबाईंना नव्हतं. तुझ्या आईला होतं, पण तिला पाना धरता येत नाही."

काचेचा शेवटचा स्क्रू बसला. लेकीनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"नानांना सोडाल ना?" ती म्हणाली.

"सोडणार."

"बाबा म्हणाले, एवढा हिवाळा निघू दे. मग मी आपण होऊन सोडतो. नाक डुलत राहिलं तर एक दिवस कुणीतरी ओळखेल, म्हणाले. मला विनवत होते. माझे बाबा, मला." तिनं तारेचं रीळ बाजूला सरकवलं. "रविवारी दुपारी मी हँगरमध्ये गेले. क्लच आवळला. मग खुर्चीत बसून ऑटोपायलट लावला आणि योक ओढून पाहिला. मला ओढता येईना. घाबरले. म्हटलं, बाबा, हे मी सैल करते. तर म्हणाले, अगं, लाल बटण आहे की."

ते बटण योकच्या डाव्या बाजूला असतं, अंगठ्याखाली. दाबलं की ऑटोपायलट क्षणात सुटतो.

"अंगठा चालतो का म्हटलं. तर घरी स्वयंपाकघरात बसून बॉलपेन टकटक वाजवून दाखवलं. डाव्या अंगठ्यानं. बघ, जमतंय. लहान मुलासारखं परत परत." तिनं बाईंकडे पाहिलं. "जमलं होतं हो त्यांना."

"टेबलाशी जमलं."

"त्या दिवशी काय झालं?"

"ऑटोपायलट विमान खाली आणत होता. खाडीवर वारा वरून दाबतो, विमान हवं त्याहून खाली गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी योक ओढला. क्लच घसरायला हवा होता, घसरला नाही. यंत्राला केबलवरचा ओढा जाणवला, वाटलं नाक उगाच वर जायला बघतंय. त्यानं ट्रिम उलटा फिरवायला सुरुवात केली. ते जितकं ओढत गेले तितकं यंत्र खाली रेटत गेलं. बटण दाबलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण घाबरल्यावर माणसाची मूठ आवळते. त्यांची आवळलेली मूठ लवकर सुटत नव्हती, हे तुला माहीत आहे."

दिव्याखाली लेकीचे हात टेबलावर पालथे पडले होते, अगदी स्थिर.

"फौजदार दुपारी येतील," बाई म्हणाल्या. "त्याआधी आईला तुझ्या तोंडून कळू दे."

७

नाना बाहेरच्या बाकावर बसून होते. बाईंनी कबुलीचा कागद त्यांच्यासमोर फाडला. त्यांचा चेहरा उजळला नाही.

"मग कोण?"

बाईंनी सांगितलं. नाना हळूहळू मान हलवत राहिले, जणू ते दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला नाही म्हणत होते.

"ती पोरगी कुणाचं वाईट करणारी नाही."

"तिनं वाईट करायला केलंच नाही."

"मग माझ्या नावावर राहू द्या, बाई. माझं आता काय जायचंय?"

"असं खोटं लिहिलं तर उद्या कुणीतरी दुसरा हेच करेल, नाना. आजारी माणूस, आवळलेला क्लच. तेव्हा आपण कुणाच्या नावावर टाकायचं?"

नानांनी फाटलेल्या कागदाचे तुकडे गोळा केले. "मला एका शब्दानं बोलले असते तर मी त्यांना खुर्चीत बसू दिलं नसतं."

"म्हणूनच बोलले नाहीत."

"मी डोळ्याचं लपवलं, त्यांनी हाताचं. आणि रोज सकाळी आम्ही दोघं एका पायरीवर बसून चहा प्यायचो." त्यांनी तुकडे एकावर एक रचले. मग म्हणाले, "त्यांचा कप अर्धाच असायचा. मला वाटायचं, ते कमी पितात."

८

बाई पोचल्या तेव्हा सांगून झालं होतं. लेक जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. वहिनी पलंगावर, शर्टांच्या थप्पीशेजारी. खाली रस्त्यावर फौजदारांची गाडी येऊन थांबली. दार आपटल्याचा आवाज वर आला.

"मला एकच सांगा," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "बटण दाबता आलं नाही, की दाबलं नाही?"

लेकीनं मान वर केली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

बाईंना प्रश्न कळला. हिवाळा संपत आला होता. पुढे काय होतं, ते कॅप्टनना ठाऊक होतं. खिडकी, खुर्ची, दुसऱ्याच्या हातून घास. तसं म्हणता आलं असतं. त्यांनी ठरवून सोडलं असं म्हटलं तर लेकीच्या डोक्यावरचं ओझं निम्मं झालं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

"दाबता आलं नाही," त्या म्हणाल्या. "योकचा दांडा मागे वाकलाय, वहिनी. दोन्ही हातांची हाडं पकडीत असतानाच मोडली. शेवटपर्यंत ओढत होते ते, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. मरायला निघालेला माणूस असं ओढत नाही."

"म्हणजे जगायचं होतं त्यांना."

"हो."

लेकीच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. छातीवर काहीतरी पडल्यावर श्वास निघून जावा तसा होता. वहिनी उठल्या. तिच्याजवळ जातील असं बाईंना वाटलं, पण त्या खिडकीशी गेल्या, खाली गाडीकडे पाहिलं आणि मग आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्या लेकीचा स्वेटर घेऊन बाहेर आल्या.

"ऊठ. तिथे गार असेल."

लेक उठली. तिला बाही सापडेना. वहिनींनी तिचा हात धरून बाहीत घातला, मग दुसरा. एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जिन्यात पावलं वाजू लागली.

"घरी कधी सोडतील तिला?" वहिनींनी विचारलं.

बाई दाराच्या कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पावलं पहिल्या मजल्यावर आली, मग दुसऱ्या. कुणी टकटक करायच्या आतच त्यांनी दार उघडलं.